राजर्षी शाहू छत्रपती : शिकारीच्या रानात

धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बेलूर हे गाव लागते. आज त्याची ओळख कारखान्यांच्या वसाहतीमुळे आहे. परंतु ह्या वाटेने जाणाऱ्याने क्षणभर कारखान्यांकडे पाठ फिरवून भूमीकडे पाहिले, तर हा मुलूख दोन निरनिराळ्या प्रदेशांच्या सीमेवर वसला आहे हे त्याच्या ध्यानात येईल. पूर्वेस काळ्या मातीचे, नजर ठरणार नाही असे सपाट रान. पश्चिमेस लाल मातीचे चढउतार, मग हळियाळची झाडी आणि तिच्यापलीकडे दांडेलीचे घनदाट अरण्य. माळावर काळवीट, झाडीत बिबळ्या, रानडुक्कर, गवा आणि वाघ, अशी वनचरांची वाटणी निसर्गानेच येथे करून ठेवली होती. शिकारीची आवड असणाऱ्या तरुणाने वास्तव्यासाठी स्थळ निवडावे तर ते याहून चांगले सापडणे कठीण!

इ. स. १८९० मध्ये अशा एका तरुणाचे धारवाडात आगमन झाले. त्याचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते आणि तो करवीर राज्याचा अधिपती होता. मात्र राज्यकारभार अद्याप त्याच्या हाती आलेला नव्हता. पुढे राजर्षी शाहू छत्रपती म्हणून ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तेच हे.

महाराजांचे चरित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाही. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा राजा, वसतिगृहांचा जनक, राधानगरीच्या धरणाचा कर्ता म्हणून पाठ्यपुस्तकांतून त्यांची ओळख होते आणि महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिन सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व योग्यच आहे. तथापि ज्या एका छंदात ह्या पुरुषाने आपल्या आयुष्याचे कितीतरी दिवस घालविले, त्याकडे सहसा कोणी वळत नाही. वळलेच तर तो राजेलोकांचा शौक म्हणून सोडून देतात. आम्हांस हे बरोबर वाटत नाही. शिकारीने महाराजांस पुष्कळ दिले आणि शिकारीनेच त्यांच्याकडून जे नेले ते कधी भरून आले नाही. म्हणून ह्या लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्या वाटेने सांगणार आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कागलचे जहागीरदार. मातोश्रींचे नाव राधाबाई. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात शोचनीय रीतीने अंत झाला. त्यानंतर १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांस दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. दोनच वर्षांनी जन्मदाते वडीलही निवर्तले. प्रारंभीचे शिक्षण काठेवाडात राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात झाले. तेथून १८९० मध्ये त्यांस धारवाडास आणले, ते स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर ह्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. ह्याच फ्रेझरसाहेबांनी पुढे म्हैसूरच्या कृष्णराज वडियारांसही शिकविले.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. आगगाडी येऊन दोनचार वर्षेच झाली होती. धाकटे बंधू बापूसाहेब, दत्ताजीराव इंगळे आणि भावनगरचे युवराज भावसिंहजी असे सहाध्यायी महाराजांच्या सोबत होते. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यकारभाराची तत्त्वे हे विषय सकाळी; उरलेला वेळ घोडा, मैदान आणि व्यायाम. एप्रिल १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला, तोही ह्या धारवाडच्या दिवसांतच. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती घेण्यासाठी ते कोल्हापुरास परतले, तेव्हा उंच, मल्लासारख्या भरदार देहाचा एकोणीस वर्षांचा तरुण राजा प्रजेच्या दृष्टीस पडला.

येथे थोडे थांबून शस्त्रांविषयी लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. महाराज धारवाडास शिकत होते ती चार वर्षे बंदुकीच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीची होती. त्यापूर्वी शिकारी लोक काळ्या दारूची बंदूक वापरीत. खेड्यापाड्यांतून ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरावयाची. साहेबलोकांकडे व संस्थानिकांकडे मागून काडतूस भरावयाची दुनळी. दोहोंतही दारू तीच. बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट नळीपुढे पसरे आणि शिकाऱ्यास पुढचे काहीच दिसेना! बिबळ्या पडला, की जखमी होऊन झाडीत शिरला, की आपल्याच अंगावर येत आहे, हे कळण्यास धूर विरेपर्यंत थांबावे लागे. एवढ्या अवधीत कित्येकांचे प्राण गेले आहेत. १८९० नंतर कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू प्रचारात आली. तिच्या योगाने गोळीचा वेग पुष्कळ वाढला, नळी अरुंद करता आली आणि मुख्य म्हणजे बार काढल्यावरही सावज डोळ्यांसमोर राहू लागले.

परंतु वेग वाढला म्हणून अडचणी संपल्या असे नाही, उलट निवड अधिक बिकट झाली. कोणत्या जनावरासाठी कोणती बंदूक आणि तीत कोणती गोळी, हा प्रश्न शिकाऱ्यास घरून निघण्यापूर्वीच सोडवावा लागतो. रानात गेल्यावर त्यास वेळ नसतो. बिबळ्याचेच उदाहरण घ्या. नर बिबळ्या वजनाने साधारण ५० ते ७० किलो, म्हणजे एखाद्या प्रौढ मनुष्याएवढा. त्याची कातडी पातळ आणि हाडे हलकी असतात. त्याच्यावर निकेलच्या कवचाची भरीव गोळी झाडली तर ती शरीरातून आरपार निघून जाते, मागे लहानसे छिद्र राहते आणि जनावर जिवंतपणी निसटते. म्हणून अशा प्राण्यास मऊ टोकाची गोळी योजितात. तिच्या टोकास शिसे उघडे असते. अंगात शिरताच ते फुलासारखे उमलते आणि सर्व जोर आतल्या आत खर्ची पडून जनावर जागच्या जागी कोसळते. गव्याचे नेमके उलट आहे. हजार किलोच्या आसपास भरणारा तो पर्वतप्राय देह, जाड चामडे आणि खांद्यावरचे मांस! त्यावर मऊ गोळी वरच्यावरच फुटून थिजते. तेथे भरीव गोळीच हवी आणि ती फेकणारी नळीही मोठी हवी. गव्याच्या बंदुकीने बिबळ्या मारणे हे जसे अडाणीपणाचे, तसेच बिबळ्याच्या बंदुकीने गव्यास डिवचणे हे आत्मघाताचे.

दुनळीस जाणते शिकारी मान देत, त्याचे कारण तिची दुसरी नळी. पहिला बार चुकला तरी चाप बदलून पापणी लवण्याच्या आत दुसरा काढता येतो. जखमी बिबळ्याच्या मागावर झुडपांत शिरावे लागले, तर दूरवर नेम घेणारी रायफल निरुपयोगी ठरते. तो दहा हातांवरून विजेसारखा येतो. तेव्हा बारा नंबरची दुनळी आणि तीत मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस, हेच मनुष्याचे संरक्षण. आणि जखमी सावज तसेच टाकून परत येणे हे शिकाऱ्यांच्या धर्मात महापाप मानलेले आहे. लंगडा झालेला बिबळ्या हरिणामागे धावू शकत नाही. तो मग गुराख्यांच्या पोरांकडे वळतो.

सह्याद्रीच्या पावसाची आणखी एक पीडा होती. छर्ऱ्यांच्या काडतुसांचे वेष्टन तेव्हा कागदी पुठ्ठ्याचे असे. दाजीपूरसारख्या ठिकाणी चार महिने आभाळ गळते. त्या ओलीने काडतुसे फुगत आणि नळीत शिरेनाशी होत. उलट उन्हाळ्यात कॉर्डाइट तापून तिचा जोर भलताच वाढे, म्हणून विलायतेतील कारखानदार उष्ण देशांसाठी दारूचे प्रमाण कमी करून निराळी काडतुसे भरीत. त्यात सरकारचे निर्बंध. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी मनुष्यास परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नसे. पुढे १९०७ च्या सुमारास ०.४५० इंच नळीच्या बंदुका व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यासच मनाई झाली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकीचा व्यास तोच होता आणि शिकारीचा दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल, ही भीती सरकारास वाटली. तेव्हा कारखानदारांनी ०.४७० आणि ०.४६५ अशा नव्या मापांच्या नळ्या काढून मनाई चुकविली! गव्याच्या शिकारीच्या बंदुकीचे माप राजकारणाने ठरावे, ही गंमत आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

समुद्रापलीकडेही हाच प्रश्न होता. अमेरिकेत बिबळ्याच्याच तोलाचा प्यूमा नावाचा पहाडी सिंह आढळतो. १९०१ च्या आरंभी, अमेरिकेचे उपाध्यक्ष होण्यास थोडे दिवस उरले असता, थिओडोर रूझवेल्ट कोलोरॅडोच्या बर्फात त्याच्या शिकारीस गेले होते. तेथे शिकारी कुत्री माग काढून प्यूमास झाडावर चढवितात. जनावर स्थिर आणि अंतर थोडे असल्यामुळे हलकी रायफलही पुरते. रूझवेल्टांनी तर कुत्र्यांनी घेरलेले काही प्यूमा केवळ सुऱ्याने मारले. आमच्याकडील बिबळ्या कुत्र्यांस भिऊन झाडावर बसून राहील, ह्या भरवशावर मात्र कोणी सुरा घेऊन जाऊ नये. त्याला कुत्रे हे आवडते भक्ष्य आहे.

आता महाराजांकडे वळू. दाजीपूरचे अरण्य हे करवीरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान होते आणि तेथे वाघ, बिबळ्या, अस्वल व गवे यांचा राबता असे. झाडीतील हिंस्र जनावरांसाठी बंदूक हे महाराजांस मान्यच होते. परंतु त्यांचे मन खरे रमे ते मोकळ्या माळावर. तेथे त्यांनी दोन निराळी हत्यारे पसंत केली. त्यांपैकी एकात दारू नव्हती आणि दुसरे तर चार पायांवर चालणारे होते.

पहिले हत्यार भाला. घोड्यावर बसून रानडुकराचा पाठलाग करावयाचा आणि भाल्याने त्यास गाठावयाचे, हा खेळ मराठ्यांच्या रक्तात पूर्वीपासून होता. इंग्रज अधिकाऱ्यांनीही तो उचलला. ज्या रानात घोडा धावू शकतो तेथे डुकरास गोळी घालणे हे त्या मंडळींत हलकेपणाचे समजत. भाल्याचेही प्रकार होते. बंगाल्याकडे आखूड, मागे शिशाचे वजन लावलेला आणि वरून खाली हाणावयाचा. आमच्या मुंबई इलाख्यात लांब, बांबूच्या दांड्याचा आणि बगलेखाली धरून रोखावयाचा. डुक्कर शंभर किलोपर्यंत भरते, आणि वाकड्या सुळ्यांनी घोड्याचे पोट फाडण्यास त्यास क्षणही पुरत नाही. ह्या शिकारीत नेमापेक्षा घोड्याची मांड महत्त्वाची. काळ्या रानात उन्हाळ्यात जमिनीस हातभर भेगा पडतात, ओढ्यांचे काठ तुटलेले असतात, कठडा नसलेल्या विहिरी गवतात दडलेल्या असतात. स्वाराची दृष्टी डुकरावर, घोड्याची दृष्टी स्वाराच्या लगामावर आणि खालची जमीन मात्र कोणीच पाहत नाही.

दुसरे हत्यार म्हणजे चित्ता. बिबळ्या आणि चित्ता ह्यांची गल्लत आमच्या मराठी बोलण्यात सर्रास होते, म्हणून एवढे सांगतो की बिबळ्याच्या अंगावर फुलासारखी वर्तुळे असतात, तर चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत आसवांच्या ओघळासारखी काळी रेघ असते. चित्त्यास माणसाळविण्याची विद्या कोल्हापुरात नांदत होती. त्यासाठी पिल्लू कामास येत नाही. शिकार करावयाची कशी हे ते आईपासून शिकलेले नसते, म्हणून पूर्ण वाढलेला रानटी चित्ता पकडावा लागतो. चित्तेवान त्यास बाजेवर दोरीने बांधून रात्रंदिवस जवळ बसत, माणसांच्या व मुलांच्या गलबल्यात ठेवीत आणि हाताने मांस भरवीत. काही महिन्यांत तो गाईसारखा दोरीने चालू लागे. शिकारीच्या दिवशी डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून त्यास बैलगाडीत बसवीत. काळविटांना बैलगाडीचे भय नसते. शेतकऱ्याच्या गाड्या ते नित्य पाहतात. कळप दोनशे पावलांवर आला की टोपी काढीत आणि चित्ता उतरे. पुढचा खेळ अर्ध्या मिनिटाचा! घोड्यासही न साधणाऱ्या वेगाने तो काळविटास गाठी, पायात पाय घालून पाडी आणि नरडे धरी. तेवढ्या अंतरात साधले नाही तर तो धापा टाकीत खाली बसे आणि कितीही चुचकारले तरी उठत नसे. सावज मिळाल्यावर चित्तेवान लाकडी पळीत रक्त देऊन त्याची पकड सोडवी आणि पुन्हा टोपी चढवी.

धारवाडचे सहाध्यायी भावसिंहजी यांचे भावनगर आणि महाराजांचे कोल्हापूर ह्या दोनच संस्थानांनी ही विद्या विसाव्या शतकात विशेष जतन केली. परंतु तोवर हिंदुस्थानातले चित्ते संपत आले होते. म्हणून १९१८ ते १९४५ ह्या काळात संस्थानिकांनी आफ्रिकेतून सुमारे २०० चित्ते आणविले. १९४७ साली मध्य भारतातील कोरियाच्या राजाने आपल्या देशातील अखेरचे तीन चित्ते गोळी घालून मारले, आणि १९५२ मध्ये ही जात येथून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. चित्त्यास रोज पिंजऱ्यात मांस मिळे, पण तेथे पिल्ले होत नसत; रानातून एक पकडला की रानातला एक कमी होई. शिकारी राजांनी ह्या प्राण्यावर जितके प्रेम केले तितकेच त्याचे अकल्याण केले, हे येथे लिहून ठेवणे आम्हांस भाग आहे. महाराजांविषयीच्या आदरामुळे ते लपविता येत नाही.

कोल्हापूरनजीक सोनतळी येथे महाराजांचा तळ असे. न्यू पॅलेसपेक्षा तो त्यांस अधिक प्रिय होता. तेथे घोडे, हत्ती, चित्ते आणि कुत्री यांच्या गराड्यात बसून ते राज्यकारभार करीत आणि गाऱ्हाणी ऐकत. राजवाड्याच्या देवडीवर ज्याला शिपाई अडविता, तो शेतकरी शिकारीच्या वाटेवर महाराजांच्या घोड्याजवळ उभा राहून बोलू शके. रानातून हिंडणाऱ्या राजास गावाचा पाणवठा कोठे आहे, त्यावर कोण पाणी भरतो आणि कोणास लांब उभे राहावे लागते, हे अहवाल न वाचताही दिसते.

फासेपारध्यांशी त्यांचा संबंध आला तो रानामुळेच. ह्या लोकांइतका रानाचा जाणता दुसरा नाही. तात आणि बांबूच्या काड्या यांचा फासा, आडोशास शिकविलेली एखादी गाय, एवढ्या साहित्यावर ते काळवीट धरतात. बंदूक त्यांच्या स्वप्नातही नसे. परंतु १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शिकार मिळेनाशी झाली की चोरी, चोरी केली की तुरुंग, ह्या फेऱ्यात ते सापडले होते. महाराजांनी त्यांस आपल्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, त्यांच्याच हाती राजवाड्याची राखण! पहाऱ्यास काय लागते? तीक्ष्ण कान, अंधारात पाहणारी दृष्टी आणि दिलेल्या शब्दाची चाड. आणि ह्या गोष्टी पारध्याजवळ आहेत हे शिकारी राजाने ओळखले होते. महार, मांग, रामोशी, बेरड आदी जमातींच्या स्त्रीपुरुषांस रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. ती पद्धत त्यांनी १९१८ मध्ये बंद केली.

त्यांच्या इतर कार्याची हकीकत येथे विस्ताराने देत नाही. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज राज्यारोहण समारंभानिमित्त विलायतेत असता, निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम निघाला. १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली. १९०७ च्या सुमारास भोगावतीवरील धरणाची योजना हाती घेतली आणि तेथे वसविलेल्या गावास कन्या राधाबाई यांचे नाव दिले. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्त्यांचे मैदान उभे राहिले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला.

त्याच १९१७ च्या जून महिन्यात धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा विवाह सासवडच्या जगताप घराण्यातील कन्येशी झाला. सासरी तिचे नाव इंदुमती ठेवले. ती जेमतेम दहा वर्षांची होती. शिवाजी महाराज अठरा वर्षांचे, देखणे, धाडसी आणि वडिलांसारखेच घोड्यावर बेहद्द प्रेम करणारे. वर्ष पुरते उलटले, आणि १२ जून १९१८ रोजी ते रानडुकराच्या शिकारीस गेले. हाती भाला, पुढे डुक्कर, खाली भरधाव घोडा. त्या पाठलागात घोड्यावरून पडून त्यांस जबर दुखापत झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय एकोणीस वर्षांचे!

ज्या विद्येचे बाळकडू पित्याने दिले तीच मुलाच्या मृत्यूस कारण झाली. थोरले राजपुत्र राजाराम मागे होते, राज्यास वारस होता. परंतु पित्याच्या दुःखास वारसाने उतार पडत नाही. आणि घरात अकरा वर्षांची विधवा सून होती. त्या काळच्या राजघराण्यात अशा मुलीच्या नशिबी पडदा, अंधारी खोली आणि व्रतवैकल्ये ह्यांवाचून काही नसे. महाराजांनी आप्तेष्टांचा रोष पत्करून तिला सोनतळीस नेले आणि शिक्षक नेमून तिचे शिक्षण सुरू केले. सोबतीस इतर घरांतील मुली ठेवल्या. आपल्या ह्या सुनेने शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांनी ध्यासच घेतला होता. जेथे चित्ते आणि घोडे बांधलेले असत त्या शिकारी तळावर आता पाटी-पेन्सिलींचा आवाज ऐकू येऊ लागला. इंदुमतीदेवी १९२५ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ते पाहण्यास मात्र महाराज राहिले नव्हते.

पुत्राच्या मृत्यूनंतर महाराजांनी शिकार सोडली असावी असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी डॉक्टर भीमराव आंबेडकर हे तेव्हा एकोणतीस वर्षांच्या आतले तरुण विद्वान होते. महाराज त्या सभेस आले ते शिकारीवरून. आंबेडकरांचे भाषण ऐकण्यासाठी आपण मुद्दाम शिकारीहून येथे आलो, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. हजेरी बंद का केली याची कारणे त्यांनी तेथेच लोकांस समजावून दिली, आणि ह्या तरुणाच्या रूपाने तुम्हांस तुमचा खरा पुढारी लाभला आहे, असा अभिप्राय दिला. अंगावर रानाची धूळ घेऊन एक छत्रपती अस्पृश्यांच्या सभेत येतो आणि त्यांच्या पुढाऱ्यास मान देतो, हे दृश्य त्या वेळच्या हिंदुस्थानात दुसरीकडे कोठे दिसले असेल असे आम्हांस वाटत नाही. त्याच वर्षी त्यांनी वेठबिगार बंद करण्याचा हुकूम काढला. शिकारीतील हाक्यास लागणारी माणसे देशभर बहुधा वेठीनेच धरून आणीत, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या हुकुमाचे मोल अधिक कळेल. आपल्या छंदाची सोय ज्या प्रथेने होत असे, तिच्यावरच एका शिकाऱ्याने घाव घातला होता.

मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या ४८ व्या वर्षात, त्यांचे देहावसान झाले.

दाजीपूरचे रान मात्र राहिले. छत्रपतींसाठी राखल्यामुळे तेथे कुऱ्हाड फारशी चालली नव्हती. १९५८ मध्ये तेथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील ते पहिले ठरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी झाली. आज बिबळ्या मनुष्यांच्या जिवास धोकादायक झाला किंवा बरे न होण्याइतका पंगू वा रोगी झाला, तरच राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमाने त्याला मारता येते. आमच्या भागात २०२१ च्या सप्टेंबरात हुबळीच्या नृपतुंग टेकडीजवळ बिबळ्या दिसला, तेव्हा शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. त्याच दिवसांत धारवाडनजीक कवलगेरीच्या शिवारात एक बिबळ्या आढळला. वनखात्याची माणसे त्याच्या मागावर गेली ती पिंजरा आणि भक्ष्य घेऊन, आणि तो तसाच जिवंत धरला गेला.